सायलेन्सरवर रोलर फिरवा, पण पोरांना मैदानही द्या

बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवतानाचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मी त्यावर मनापासून टाळ्या वाजवतो. मध्यरात्री गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्या व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचल्या की वाटतं, 'मॉडिफिकेशन' या एका शब्दाखाली आपण सगळ्यांनाच रोलरखाली घालायला निघालोय.

माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी आहे, १.५ व्हीटेक. कागदोपत्री साधी सेडान. पण शंभरावर अश्वशक्ती आणि हलकं अंग, त्यामुळे आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय पोरांची स्पोर्ट्स कार हीच होती. ही गाडी मी ऑटोक्रॉससाठी तयार केलीय. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळं मैदान, त्यावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एकच गाडी आणि स्पर्धा फक्त घड्याळाशी. शंकू पाडला की वेळेत दंड वाढतो. डोक्यावर हेल्मेट, कमरेला बेल्ट, आणि गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच.

लोकांना वाटतं, रेसिंगची गाडी म्हणजे आधी इंजिन फुगवलं असणार. उलट आहे. माझे पहिले पैसे गेले टायर, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे झिजलेले रबरी बुश बदलण्यात. मग कडक स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअबसॉर्बर. पुढच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी जोरात वळवली की वळत नाही, सरळ जायला बघते. म्हणून मागे जाड अँटी-रोल बार टाकला, पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर दिला. इंजिनाला हात लावला तो सगळ्यात शेवटी. तिथेही आधी कॉम्प्रेशन तपासलं, टायमिंग बेल्ट, क्लच आणि रेडिएटर नीट केले. नंतर एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बस्स. कारण वळणात जास्त ताकद दिली तर आतलं चाक नुसतं गरागरा फिरतं, गाडी पुढे जात नाही. हा खेळ पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो की अ‍ॅक्सिलरेटर दाबायला अक्कल लागत नाही, सोडायला लागते.

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेतू चांगलाच आहे. पण कान फाडणारा सायलेन्सर आणि गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारं सस्पेन्शन यांत फरक कोण करणार? चौकातला हवालदार? माझी सिटी मी मैदानापर्यंत टोइंगवर घालून नेतो. मला ते परवडतं. वीस वर्षं जुनी गाडी कशीबशी घेतलेल्या, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला नाही परवडत. त्याच्यासाठी फुकटचा ट्रॅक एकच, रात्रीचा रिकामा रस्ता. आणि त्या रस्त्यावर तुमची-माझी माणसंही असतात.

बाहेर हे प्रश्न सुटलेत. जर्मनीत गाडीत बदल केला की अधिकृत तपासनीस तो तपासतो आणि गरजेनुसार कागदावर चढवतो. अमेरिकेत एससीसीए ही संस्था रिकाम्या पार्किंगमध्ये आणि जुन्या धावपट्ट्यांवर ऑटोक्रॉस भरवते. किती बदल केलेत त्यावरून गाडीचा गट ठरतो. पाडलेल्या शंकूला दोन सेकंद दंड. त्यासाठी कोट्यवधींचं सर्किट लागत नाही. डांबर, शंकू आणि शिस्त एवढंच लागतं.

"हे आपल्याकडे जमायचं नाही" असं म्हणणाऱ्यांना बैलगाडा शर्यतीची आठवण करून देतो. २०१४ ला बंदी, डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी, मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून, नियमात राहून शर्यती होतात. मग चार चाकांनाच काय अडचण आहे? गाडीला तर वेदनाही होत नाहीत!

गंमत म्हणजे दार आधीच उघडं आहे. सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम १८९ सुरुवातच करतं ती "राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय" अशी. म्हणजे संमती देता येते. देणारा हवा.

माझ्या मागण्या तीनच. एक, प्रत्येक जिल्ह्यात महिन्यातला एक रविवार, एमआयडीसीतलं किंवा मार्केट यार्डातलं एक मोकळं डांबरी आवार, माफक फी, आणि जागेवर अ‍ॅम्ब्युलन्स सक्तीची. दोन, ब्रेक, टायर, सस्पेन्शन यांतल्या बदलांसाठी तपासणी करून नोंद करायची सोय. एआरएआयसारखी संस्था पुण्यात असताना निकष ठरवायला परदेशी जायला नको. तीन, ज्याच्यावर रस्त्यावरच्या रेसचा गुन्हा, त्याला मैदान बंद.

मैदान दिलं की रस्त्यावरचे सगळे सुधारतील असं मी म्हणत नाही. बापाच्या पैशाचा माज मैदानाने उतरत नाही, त्याला कोठडीच लागते. पण ज्याला खरंच गाडी चालवायची खुमखुमी आहे, त्याला आज कायदेशीर उत्तर द्यायला आपल्याकडे काहीच नसतं. "करू नको" एवढंच सांगतो आपण. अठरा-वीस वर्षांच्या पोराने ते कधी ऐकलंय?

तुमच्या आमदाराला, पालकमंत्र्यांना टॅग करा. शंकू आमचे आम्ही आणतो.