चाकं कशाला असतात?

ज्या मोटारीला ट्रेलरवर चढवून, दोरखंडाने बांधून, वर ताडपत्री घालून प्रदर्शनाला न्यावे लागते, तिला मोटार म्हणू नये, सामान म्हणावे. हे माझे ठाम मत आहे. बँकेतल्या कारकुनाला ठाम मत असू शकते, हेच आमच्या साहेबांना मान्य नाही. पण ते असो.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. सोनगीरला आमच्या मामांकडे पन्नाशी ओलांडलेली अ‍ॅम्बॅसिडर आहे. तीही साधी नव्हे. इस्टेट, म्हणजे स्टेशन वॅगन. पुढून अ‍ॅम्बॅसिडर आणि मागून सामानाची खोली. हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बॅसिडर २०१४ पर्यंत काढली, पण हा मागे दार असलेला नमुना फार थोड्यांनी पाहिला असेल. गावात तिला कुणी इस्टेट म्हणत नाही. ‘मामांची लांब गाडी’ म्हणतात. या लांब गाडीतून तांब्याचे हंडे धुळ्याला गेले, कापसाची गाठोडी आली, एकदा अख्खे वऱ्हाड बँडच्या ढोलासकट शिरपूरला पोचले, आणि तीन बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात दाखल झाल्या. चौथीला जरा उशीर झाला. तो मुलगा आता स्वतः ट्रक चालवतो.

गेल्या वर्षी मामांना मुंबईच्या बाजूच्या एका जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचे बोलावणे आले आणि घरात दोन पक्ष पडले. पुण्याहून मामेभावाचा फोन आला, “आप्पा, ट्रेलर ठरवतो. साडेतीनशे किलोमीटर जायचं, त्यात कसारा घाट. वाटेत काही झालं तर किंमत जाईल तिची.”

मामा म्हणाले, “वाटेत काही होणारच नसेल, तर जायचं कशाला?”

मी मामांच्या पक्षात गेलो. एकतर मुद्दा पटला, आणि दुसरे म्हणजे ट्रेलरवर मला बसायला जागा नव्हती.

ट्रेलरवाद्यांचे म्हणणे असे, की जुनी गाडी चालवली की झिजते. खरे आहे. पण न चालवलेली गाडी कुजते, त्याचे काय? तिची रबरी सिले वाळतात, ब्रेकचे सिलिंडर धरतात, पेट्रोलच्या टाकीला आतून गंज चढतो. टायरसुद्धा जमिनीकडून चपटे होतात. दिवसभर एकाच खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे काय होते, हे मला कुणी सांगायला नको.

आता सरकारकडे वळू. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात राखलेली असेल, तर ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,०००. अट एकच : ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे गाडीने पेट्रोल भरायला जावे, तिथून दुरुस्तीला जावे, पण वाटेत मामींना दवाखान्याशी उतरवू नये!

उलट साधी पाटी ठेवून गाडी राबवली, तर दर ५ वर्षांनी नोंदणी ताजी करायची. वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ पासून त्याचे १०,००० रुपये पडतात. मी बी.कॉम. आहे, हिशेब मांडला. पहिली दहा वर्षे दोन्हीकडे सारखेच. पुढे मात्र राबाल तर दर खेपेला १०,०००, बसून राहाल तर ५,०००. हे तत्त्व आमच्या कचेरीत पूर्वीपासून लागू आहे. ते मोटारींनाही लागू होईल, असे वाटले नव्हते.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या गाडीसाठी एवढा त्रागा कशाला? त्याला कारण सोनगीर. आग्रा रोडवरचे, किल्ल्याच्या पायथ्याचे हे आमचे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचे. पूर्वी गिऱ्हाईक हंड्याला टिचकी मारून नाद ऐके, पाणी किती मावते ते विचारी, उजेडाकडे धरून आत डोकावे. आता शहरातली गाडी थांबते आणि बंब खरेदी होतो, दिवाणखान्यात मनीप्लांट लावायला. पैसे रोख मिळतात, तक्रार नाही. पण एक म्हातारे तांबट मला म्हणाले, “भांडं गळतं का, हे आता कुणी इचारतच नाही.” ज्या दिवशी गळण्याची चौकशी थांबते, त्या दिवसापासून न गळणारे भांडे घडवण्याची विद्या मरायला लागते. शोभेच्या वस्तूला कारागीर लागत नाही, फडके लागते.

गाडीचेही तेच. आम्ही चाकांवरच निघालो. लळिंगचा किल्ला मागे पडला आणि मालेगावच्या अलीकडे गाडी ठसकू लागली. रस्त्याकडेच्या टपरीतून एक म्हातारा मिस्त्री उठला. “कथा चालना, भाऊ?” असे विचारत त्याने नुसता आवाज ऐकला आणि बॉनेट उघडण्याआधीच निदान सांगितले, पॉइंट जळलेत. पॉलिश पेपरने ते घासले, पत्र्याच्या तुकड्याने फट मोजली. पैसे घेतले नाहीत. फक्त नातवाला हाक मारली, “ये, बघून घे. पुन्हा दिसायचे नाहीत.” ट्रेलरवरून गेलो असतो, तर तो नातू पॉइंट काय असतात हे न बघताच मोठा झाला असता.

इंग्लंडात हे कळलेले आहे. १८९६ साली मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली, त्या आनंदात लोक लंडनहून ब्रायटनला मोटारी घेऊन निघाले. त्या आठवणीत आजही दर नोव्हेंबरात १९०५ पूर्वीच्या गाड्या ते साठ मैल स्वतःच्या चाकांवर जातात. वाटेत बंद पडतात, मालक ढकलतात. वेळेत पोचेल त्याला पदक. तिथे पोचणे हाच पराक्रम समजतात.

आमच्या प्रदर्शनात ट्रेलरवरून उतरलेल्या गाड्या नवरदेवासारख्या चमकत होत्या. आमच्या काचेवर चांदवडपासूनचे किडे होते. परीक्षकांच्या तक्त्यात रंग, क्रोम, बैठकीचे कापड, सगळ्याला गुण होते. ‘गाडी आली कशी?’ हा रकाना नव्हता. बक्षीस अर्थातच आले नाही.

माझी मागणी मोठी नाही. तक्त्यात तो एक रकाना घाला. आणि नियमात एवढेच लिहा, की पेट्रोल भरायला निघालेल्या विंटेज गाडीने वाटेत कुणाला दवाखान्यात पोचवले, तर तिचा म्हातारपणाचा मान कमी होणार नाही. तोवर मामांनी साधीच पाटी ठेवली आहे. दहा हजार भरून आले. मी विचारले, “मामा, जरा महागच पडलं, नाही?”

मामा म्हणाले, “चालायचंच!”