पैशाने पोर बिघडते काय?

चिखलीत चहाच्या टपरीवर पृथ्वी शॉचे नाव निघाले की निकाल ठरलेला असतो : लहान वयात पैसा मिळाला, पोर वाया गेले! २०१८ साली पहिल्याच कसोटीत शतक, २०२२च्या हंगामासाठी साडेसात कोटी, आणि नोव्हेंबर २०२४च्या लिलावात ७५ लाखांनाही गिऱ्हाईक नाही. पण आझाद मैदानावर तंबूत राहिलेल्या यशस्वी जयस्वालला वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच २ कोटी ४० लाख मिळाले होते. त्याने २०२४मध्ये इंग्लंडविरुद्ध दोन द्विशतके काढली. मग दोष पैशाचा कसा?

पोट भरले की जिद्द मरते, हा सिद्धान्त पोट भरलेल्यांचाच आहे. उपासाने खेळाडू घडत असते तर सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या आमच्या पोरांतून कधीच अकरा कसोटीवीर निघाले असते. इंग्लंडात फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास १९६१पर्यंत बंदी होती. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती उठली. पाच वर्षांनी इंग्लंडने विश्वचषक जिंकला. (वेतनामुळे जिंकला असे आम्ही म्हणत नाही, वेतनाने खेळ बुडाला नाही, एवढेच.)

कारखानदाराचा मुलगा विशीत संचालक झाला की त्याच्या चारित्र्याची चिंता कोणी करीत नाही. ती विरारच्या पोराच्या वाट्याला येते. विष वेतनात नाही, लिलावात आहे. तेथे विशीतल्या पोराची किंमत मालक ठरवितात, आणि एका दुपारीत ती शून्यही करतात. २०१९मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली खरी, पण ती निवृत्तांची. खेळणाऱ्यांची संघटना कोठे आहे?