स्प्रिंटमधील कामाचे अधिकार संघाला मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सॉफ्टवेअर विकास विभाग, हिंजवडी, पुणे

विषय : अ‍ॅजाइल कार्यपद्धतीतील बैठकांसोबत तिच्यातील अधिकारही संघाला देण्याबाबत

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही, बिलिंग प्रकल्पावरील सहा डेव्हलपर व दोन टेस्टर, हे निवेदन सादर करीत आहोत. दिवाळीनंतर आपल्या विभागात अ‍ॅजाइल पद्धत सुरू झाली. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, भिंतीवर बोर्ड लागला, दर दोन आठवड्यांचा स्प्रिंट ठरला. या बदलाला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. आमच्यातले दोघे तर वर्षभर त्यासाठीच मागे लागले होते. तक्रार एवढीच की, बैठका खाली आल्या आणि अधिकार वरच राहिले.

रोजच्या स्टँडअपचेच पाहावे. स्क्रम या अ‍ॅजाइल पद्धतीच्या मार्गदर्शिकेत तिला १५ मिनिटे दिली आहेत, आणि ती बैठक काम करणाऱ्यांनी दिवसाचे काम आपसांत ठरवण्यासाठी आहे. आमच्याकडे ती साडेनऊला सुरू होते आणि सव्वादहाला आटोपली तर आज लवकर सुटलो असे म्हणतात. पहिली दहा मिनिटे सगळे उभे असतात, मग एकेक जण खुर्ची ओढतो. प्रत्येक जण व्यवस्थापकांकडे तोंड करून ‘काल हे केले, आज ते करणार, अडचण काही नाही’ असे म्हणतो. अडचण असतेच, पण सांगितली की ‘मग अजून किती दिवस?’ हा प्रश्न सर्वांदेखत येतो, म्हणून ती गिळली जाते. ही हजेरी झाली, आणि ती दारावरचे यंत्र घेतेच. स्टँडअप १५ मिनिटांत संपवावी, ती आम्हीच चालवावी आणि व्यवस्थापकांनी हवे तर नुसते ऐकावे, अशी विनंती आहे.

आमची मुख्य मागणी मात्र स्प्रिंटच्या मध्ये घुसणाऱ्या कामांबद्दल आहे. गेल्या महिन्यातल्या एका स्प्रिंटला आम्ही ११ कामे घेतली. तिसऱ्याच दिवशी क्लायंटचा फोन आला : बिलाच्या छपाईत एक रकाना वाढवायचा, ‘छोटेसेच आहे’. मग विक्री विभागाचे एक काम आले, मग व्यवस्थापकांचे. दुसऱ्या मंगळवारपर्यंत अशी पाच ‘अर्जंट’ कामे आत आली. बाहेर एकही गेले नाही. एका टेस्टरच्या हाती बिल्ड पडले गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, आणि डेमो शुक्रवारी अकराला. ती रात्री साडेबारापर्यंत बसली, १४ बग लिहून कॅबने घरी गेली. सकाळी डेमोत त्यातला एकही दिसला नाही, कारण तो स्क्रीन कोणी उघडलाच नाही.

मधे काम येऊच नये असे आमचे म्हणणे नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा केला, त्यात ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला अधिक मोल दिले आहे. पण एक काम आत आले तर तेवढ्याच आकाराचे दुसरे बाहेर काढले पाहिजे, आणि ते कोणते हे एकाच माणसाने ठरवले पाहिजे. कागदावर तो प्रोडक्ट ओनर आहे. प्रत्यक्षात तिघे जण तीन बाजूंनी सांगतात आणि तिघांचेही काम पहिले असते.

याच्याच जोडीला चालू कामांवर मर्यादा हवी. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी कानबान रुजवले ते याच हिशेबाने : पुढच्या टप्प्यावरून कार्ड परत आल्याशिवाय मागच्याने नवा माल बनवायचा नाही. हे निवेदन लिहिताना आमच्या बोर्डावर ‘सुरू’च्या रकान्यात २३ चिठ्ठ्या आहेत. माणसे आठ. त्या रकान्यात आठाहून अधिक चिठ्ठ्या लावू नयेत, मग सांगणारा कोणीही असो.

कामाचा आकार मोजणाऱ्या स्टोरी पॉइंटांचा तक्ता बंद करावा. दर महिन्याला आमचे पॉइंट शेजारच्या संघाच्या पॉइंटांशेजारी मांडले जातात. ही मापे ज्याची त्याची, एकाची वीत दुसऱ्याला लागू होत नाही. तुलना सुरू झाल्यापासून पूर्वी तीनचे असलेले काम आमच्याकडे पाचचे झाले. ते आम्हीच केले, कबूल आहे. त्या जाहीरनाम्यावर सही करणारे रॉन जेफ्रीज यांनीच लिहिले आहे की, स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले आणि तसे असेल तर आता त्याचे वाईट वाटते.

आजवर नऊ रेट्रो, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठका, झाल्या. त्यांत मांडलेल्या मुद्द्यांपैकी एकच तडीस गेला : कॉफीचे मशीन दुरुस्त झाले, त्याबद्दल आभारी आहोत. वेगळ्या टेस्ट सर्व्हरची मागणी पहिल्या रेट्रोपासून तशीच पडून आहे. दर रेट्रोतला एक मुद्दा पुढच्या स्प्रिंटमध्ये करून पाहण्याची मुभा मिळावी. आणि आमचे अप्रेझल लिहिणाऱ्यांनी त्या बैठकीत बसू नये. त्यांच्यासमोर कोण काय बोलणार?

आमच्या बाजूनेही सुधारणा हव्या आहेत. घाईत टेस्ट न लिहिता कोड पुढे ढकलणे हे आमचे दुखणे आहे. यापुढे टेस्टरच्या हाताखालून न गेलेले काम ‘झाले’ या रकान्यात लागणार नाही, आणि डेमोत चालते तेच दाखवू, मग ती तीनच कामे असली तरी.

वरील बदल निदान आमच्या प्रकल्पावर पुढचे तीन स्प्रिंट करून पाहण्यास लेखी परवानगी मिळावी. पुढचा स्प्रिंट येत्या सोमवारी सुरू होतो. त्याआधी भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. १५ मिनिटे पुरतील.

कळावे,

आपले विश्वासू,
बिलिंग प्रकल्पावरील संघ
(सोबत : आठ जणांच्या सह्या)

प्रत माहितीसाठी : मा. मनुष्यबळ विभाग