कवच कोणाचे, भरवसा कोणावर?

१३ डिसेंबर २००१ हा दिवस भारतीय मनावर कोरला गेला तो संसदेवरील जिहादी हल्ल्यामुळे. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारातून अमेरिका बाहेर पडत असल्याची सूचना रशियाला दिली. निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी मे १९७२ मध्ये मॉस्कोत स्वाक्षरी केलेला हा करार. सहा महिन्यांची मुदत सरली आणि १३ जून २००२ रोजी तो इतिहासजमा झाला. दुसऱ्याच दिवशी रशियाने ‘स्टार्ट-२’ करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले.

या कराराचे तर्कशास्त्र वरवर पाहता उफराटे वाटते. तलवारीला मुभा आणि ढालीवर बंदी! परंतु अण्वस्त्रांच्या जगात ढाल ही निरुपद्रवी वस्तू नसते. शत्रूची बहुतेक क्षेपणास्त्रे पहिल्याच तडाख्यात नष्ट करायची आणि उरलीसुरली आकाशात टिपायची, असा हिशेब ढालवाल्याला मांडता येतो. म्हणून दोघांनीही आपली छाती उघडी ठेवायची, असे ठरले. १९७४ नंतर तर प्रत्येकी एकच क्षेत्र संरक्षित करण्याची परवानगी उरली. रशियाने मॉस्को निवडले. अमेरिकेने नॉर्थ डाकोटातील आपली यंत्रणा १९७६ मध्ये गुंडाळून ठेवली. या व्यवस्थेला परस्परविश्वास असे गोंडस नाव मिळाले. वस्तुतः भरवशाचे कवच उभारण्याचे तंत्र दोघांपैकी कोणालाच साधलेले नव्हते. जे जमत नाही ते न करण्याचे वचन द्यायला काय जाते?

तंत्रज्ञान आवाक्यात येईलसे वाटू लागताच वचनाला तडे गेले. मार्च १९८३ मध्ये रेगन यांनी अवकाशातील कवचाची घोषणा केली. तिकडे क्रास्नोयार्स्क येथे उभारलेले प्रचंड रडार हा कराराचा भंग असल्याचे सोव्हिएत नेतृत्वाला १९८९ मध्ये स्वतःच कबूल करावे लागले. म्हणजे सोवळे कोणीच नव्हते.

खरी कसोटी लागली ती युरोपात. इराणच्या धोक्याचे कारण पुढे करून अमेरिकेने पोलंडमध्ये १० प्रतिक्षेपणास्त्रे आणि झेक प्रजासत्ताकात रडार उभारण्याची योजना आखली. १० क्षेपणास्त्रे रशियाचे शेकडो अण्वस्त्रगोळे काय अडवणार, हा अमेरिकेचा युक्तिवाद गणित म्हणून बरोबर होता. पुतिन यांनी जून २००७ मध्ये अझरबैजानमधील गबाला येथील रडार संयुक्तपणे वापरण्याचा प्रस्ताव दिला. तो स्वीकारला गेला नाही. पुढे ओबामांनी २००९ मध्ये मूळ योजना रद्द केली आणि तिच्या जागी दुसरी आणली. हे कवच आमच्याविरुद्ध नाही असे कायदेशीर बंधनाने लिहून द्या, एवढीच मॉस्कोची मागणी होती. अमेरिका तोंडी आणि राजकीय आश्वासने देत राहिली. लिहून देण्यास मात्र नकार. २०१६ मध्ये रुमानियातील देवेसेलू आणि २०२४ मध्ये पोलंडमधील रेजिकोवो येथील तळ उभे राहिले. १ मार्च २०१८ रोजी पुतिन यांनी ‘सरमत’ आणि ‘अवानगार्द’ जगापुढे मांडली, तेव्हा २००२ च्या त्या माघारीचा हवाला त्यांनी मुद्दाम दिला.

याचा अर्थ रशिया बिचारा होता असा मुळीच नाही. मॉस्कोभोवतीचे स्वतःचे कवच त्याने कधी उतरवले नाही. आणि १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमवर विसंबून आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून देणाऱ्या युक्रेनच्या वाट्याला २०१४ मध्ये आणि २०२२ मध्ये काय आले, हे साऱ्या जगाने पाहिले आहे.

असे हे दोघे भारताला संयमाचे धडे देत आले. पोखरणच्या १९९८ मधील चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि चाचणीबंदी करारावर सही करा, असा धोशा लावला. ऑक्टोबर १९९९ मध्ये तोच करार अमेरिकी सिनेटने फेटाळला! आपल्याकडील शांतिवादी विद्वानांना या विसंगतीने कधी झोप लागली नाही, असे ऐकिवात नाही. मे २००१ मध्ये वाजपेयी सरकारने बुश यांच्या कवच योजनेचे सावध स्वागत केले, तेव्हा मात्र डाव्यांनी आकाशपाताळ एक केले. मोडू घातलेल्या कराराच्या नावाने गळा काढण्यापेक्षा बदलत्या व्यवस्थेत भारताची जागा शोधणे हे त्या सरकारला अधिक शहाणपणाचे वाटले, आणि ते योग्यच होते.

परंतु स्वागत करणे वेगळे आणि विसंबून राहणे वेगळे. इस्रायलकडून ‘ग्रीन पाईन’ रडार मिळाले; त्याच्या जोडीचे ‘ॲरो’ क्षेपणास्त्र अमेरिकेच्या आडकाठीमुळे मिळाले नाही. शत्रूचे क्षेपणास्त्र येताना दिसावे, पण पाडता येऊ नये, ही मैत्रीची तऱ्हा! डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी याला उत्तर दिले. २७ नोव्हेंबर २००६ रोजी ‘पृथ्वी’वर आधारलेल्या प्रतिक्षेपणास्त्राने येणारे क्षेपणास्त्र सुमारे ५० किलोमीटर उंचीवर टिपले. रशियाशी ऑक्टोबर २०१८ मध्ये एस-४०० चा करार झाला, तेव्हा पुन्हा निर्बंधांची धमकी आली. पुढे युक्रेन युद्धाने पुरवठ्याचे वेळापत्रक लांबवले. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये ही यंत्रणा उपयोगी पडली, हे खरेच. तरीही तिचे सुटे भाग कोणाच्या मर्जीवर येतात, हे विसरता येत नाही.

भारताच्या कवचामुळे उपखंडातील समतोल बिघडतो, असा आक्षेप घेतला जातो. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने ‘अबाबील’ची चाचणी घेतली, ती भारतीय कवचाला उत्तर म्हणूनच. आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे; ढालीला पाहून प्रतिस्पर्धी नवी तलवार घडवतो, हे रशियानेही दाखवले. पण पहिल्यांदा अण्वस्त्र न वापरण्याचा शब्द भारताने दिला आहे, पाकिस्तानने नाही. पहिला घाव सोसण्याचे व्रत घेतलेल्याने दिल्ली-मुंबई उघडी ठेवावी, हा कोणता न्याय? चीनने जानेवारी २०१० मध्ये प्रतिक्षेपणास्त्राची चाचणी घेतली, तेव्हा समतोलाची ही चिंता कुठे गेली होती?

दोन शत्रूंमध्ये काही शब्द पाळले जातातच. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा भारत-पाकिस्तान करार डिसेंबर १९८८ मधील. १९९२ पासून दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होते, कारगिलनंतरही झाली. तिथे सद्भावनेचा प्रश्न नाही, दोघांचाही स्वार्थ त्यात गुंतला आहे. कवचाबाबत असा समान स्वार्थ अजून निर्माण झालेला नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ मोहीम घोषित केली, मुदत २०३५ ची. त्या चक्राचे रडार, लक्ष्यशोधक आणि इंधन देशात तयार होणार की पुन्हा परक्या दारात उभे राहावे लागणार, याचा जाब संसदेत वर्षागणिक विचारला गेला पाहिजे.