तेवीस किलोंचें प्रेम

परदेशीं निघालेल्या मुलाची पेटी कोणीं भरावी, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. मोताळा तालुक्यांतील धामणगाव बढे येथून, किंवा तशाच कोणत्याहि गांवाहून, शिक्षणासाठीं अमेरिकेस निघालेल्या मुलाचें घर आदल्या रात्रीं पाहावें. आई मसाल्याच्या पुड्या दाबून बसवीत असते. आत्याबाई कुरडयांचा डबा घेऊन येतात. शेजारचे काका 'एवढें आमच्या भाच्याला पोंचवा' म्हणून एक बांधलेलें पुडकें पुढें करतात. आणि ज्यानें हें सारें वाहून न्यावयाचें ते चिरंजीव मात्र मित्रमंडळींत बसलेले असतात. कांटा २३ किलो दाखवीपर्यंत कोणाच्या जिवास स्वस्थता नाहीं!

अमेरिकेच्या प्रवासांत साध्या वर्गाच्या उतारूस विमान कंपन्या सामान्यतः २३ किलोंपर्यंतची एक किंवा दोन पेट्या नेऊं देतात. ही मर्यादा आहे. पुरती पदरांत पाडून घ्यावयाची दक्षिणा नव्हे. शिवाय बुलढाणा जिल्ह्यांत नियमित विमानसेवा नाहीं. म्हणजे पेटी आधीं एस. टी.त चढणार, मलकापुरास उतरणार आणि तेथून आगगाडीनें मुंबईस जाणार. पेटीचीं चाकें विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर फिरतात; गाडीच्या पायऱ्या तिला हातांनींच चढवाव्या लागतात. जो छत्रपती संभाजीनगराहून वेगळें तिकीट काढून मुंबईपर्यंत विमानानें जातो, त्याची फजिती निराळीच. देशांतर्गत प्रवासांत बहुधा १५ किलोंचीच मुभा असते, आणि वरच्या वजनाचें भाडें आंतील लोणच्याच्या किंमतीस सहज मागें टाकतें.

पण वजनाहूनहि गंभीर अशी दुसरी गोष्ट आहे. 'हें सामान तुम्ही स्वतः भरलें काय? दुसऱ्या कोणाची वस्तु घेतली आहे काय?' असें उतारूस विचारण्यांत येतें. आमचा सुपुत्र बेधडक खोटें उत्तर देतो, कारण खरें सांगावयाचें तर आंत काय आहे हें त्याला ठाऊकच नसतें! आजीनें प्रेमानें घातलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानवाहतुकीच्या नियमांत आपोआप तापून पेट घेऊं शकणाऱ्या द्रव्यांत मोडतात. मोबाइलची सुटी बॅटरी, म्हणजे पॉवर बँक, पोटांतल्या सामानांत घालण्यास मनाई आहे. ती हातपिशवींतच हवी. उलट आंतरराष्ट्रीय प्रवासांत तुपाची बरणी हातपिशवींत चालत नाहीं. २००६ सालीं लंडनमध्यें द्रवस्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून १०० मिलिलिटरांचा निर्बंध बहुतेक ठिकाणीं लागू झाला. आणि काकांच्या पुडक्यांत जें कांहीं निघेल, त्याचा जाब काकांस नव्हे, चिरंजीवांस द्यावा लागेल.

येथें कोणी आमच्यावर हृदयशून्यतेचा आरोप करील. 'आईच्या हातची चव परदेशीं कोठें मिळणार?' असें विचारील. आम्ही त्या चवीचे वैरी नाहीं. एखादी मेतकुटाची पुडी, थोडा काळा मसाला, यांस आमची ना नाहीं. आमचा प्रश्न असा, कीं बावीस वर्षें घरांत वाढलेल्या मुलाला ती चव करावयास आपण कां शिकविली नाहीं? मुलगी असती तर तिला वरणभाताचें शिक्षण कधींच मिळालें असतें. मुलाला आपण बरण्या देतों. ती जड पेटी मायेचें माप नसून आपण पोसलेल्या परावलंबनाचें माप आहे. चकलीला वजन असतें. ती तळावयाच्या ज्ञानाला नसतें. बरणी दोन महिन्यांत रिकामी होते. शिकलेला हात जन्मभर पुरतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस आणलेल्या विमानांत टपाल होतें. आकाशमार्गानें आधीं आलीं तीं माणसांचीं पत्रें. वजनानें हलकीं, मोलानें भारी. पेटी भरणाऱ्यांनीं हा धडा विसरूं नये.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: जो जाणार, त्यानेंच भरावी. कपडे गुंडाळून ठेवावे. जड वस्तु चाकांकडच्या बाजूस असाव्या. जाड कोट अंगावर घालावा. मूळ प्रमाणपत्रें, औषधें व चिठ्ठी हातपिशवींत असावीं. आदल्या दिवशीं घरींच वजन करून एक दोन किलोंची जागा मोकळी सोडावी, आणि आपली पेटी आपणास एकट्यानें उचलतां येते कीं नाहीं हें अंगणांत एकदां पाहावें. न उचलली, तर कमी करावें. आईनें पेटीपाशीं न बसतां चुलीपाशीं बसावें, आणि निघण्यापूर्वीं महिनाभर रोज एक पदार्थ मुलाकडून करवून घ्यावा. तो प्रथम करपेल, खारट होईल. होऊं द्यावा. तेथें गेल्यावर तेंच त्याच्या उपयोगी पडेल, आणि त्याचें जादा भाडें कोणतीहि कंपनी मागणार नाहीं.