नऊचा नियम चौथीपुरताच का?





मुलांची झोप पुरी होत नाही हे मान्य करून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे सुचवले होते. निर्णय योग्यच होता, पण तो चौथीपाशी थांबला. सकाळच्या शाळेचा सर्वांत जास्त फटका ज्यांना बसतो, ते आठवी ते दहावीचे विद्यार्थी त्याच्या बाहेर राहिले. झोपेसाठीच वेळ बदलायची असेल, तर या मुलांचा विचार तितक्याच तातडीने व्हायला हवा.

याचे कारण त्यांच्या शरीरातच आहे. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. वयात येताना ही वेळ पुढे सरकते, हे ब्राऊन विद्यापीठातील मेरी कार्सकाडन यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे दहा वाजता दिवा मालवला तरी पंधरा वर्षांच्या मुलाला झोप लागेलच असे नाही. झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप आवश्यक मानली आहे. आता आपल्याकडच्या दहावीच्या मुलीचा दिवस पाहा. क्लास सुटून घरी यायला नऊ, जेवण आणि गृहपाठ उरकून अंथरुणाला पाठ टेकायला अकरा. सातची शाळा, सव्वासहाची बस, म्हणजे साडेपाचला उठणे आलेच. झोप झाली साडेसहा तास. किमान आठ तास धरले तरी रोज दीड तासाची तूट, शाळेच्या सहा दिवसांत नऊ तासांची. दर आठवड्याला एक अख्खी रात्र बुडते. शिवाय बुडतो तो पहाटेचा भाग. स्वप्ने पडतात ती ‘रेम’ झोप रात्रीच्या उत्तरार्धातच अधिक असते आणि शिकलेले पक्के होण्यात, मन ताळ्यावर राहण्यात तिचा वाटा असतो. पहिल्या तासाला फळ्याकडे पाहत पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवणे म्हणून अन्यायाचे आहे.

यावर पहिला आक्षेप असतो मोबाइलचा. त्यात तथ्य आहे. रात्री फोन मुलांच्या खोलीबाहेर ठेवणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे, रविवारी दुपारपर्यंत लोळू न देणे ही जबाबदारी पालकांचीच, आणि शाळेची वेळ बदलली म्हणून ती टळत नाही. पण फोन काढून घेतल्याने वयाबरोबर सरकलेले घड्याळ मागे येत नाही. ‘शाळा उशिरा केली तर मुले आणखी उशिरा झोपतील’ हा दुसरा आक्षेप. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मनगटावरच्या यंत्रांनी मोजणी केली तेव्हा मुले जवळपास पूर्वीच्याच वेळी झोपत होती, उठत मात्र उशिरा होती. झोप सरासरी अर्ध्या तासाहून अधिक वाढली होती. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला आणि २०२२ पासून तेथील बहुतेक सरकारी हायस्कुले साडेआठच्या आधी भरत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आपल्या शहरांत एकाच इमारतीत दोन अधिवेशने भरतात, वर्गखोल्या कमी आहेत, त्याच बस दोन-दोन फेऱ्या करतात आणि पालकांना कामावर वेळेत पोहोचायचे असते. ही अडचण खरी आहे, पण ती सगळ्या शाळांना सारखी नाही. एकाच अधिवेशनात भरणाऱ्या शाळांना खोल्यांची सबब सांगता येणार नाही. त्यांनी येत्या जूनपासून आठवी ते दहावीचे वर्ग साडेआठनंतर भरवावेत. दोन अधिवेशनांच्या शाळांना मुदत द्यावी, पण तोवर निदान अर्धा तास तरी पुढे सरकता येईल. आठवड्याला तीन तास झोप त्यानेही मिळते. बसच्या फेऱ्या आणि शिक्षकांच्या वेळा शाळानिहाय बसवता येतात. मुलांचे शरीर वेळापत्रकानुसार बदलता येत नाही. शिवाय शाळा उशिरा सुटली की क्लास आणखी रात्री ढकलले जातील, हे ओळखून क्लास सुटण्याच्या वेळेवरही मर्यादा हवी. नाहीतर सकाळी दिलेला तास रात्री काढून घेतला जाईल.

शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचा आदेश काढताना अपुऱ्या झोपेचे कारण स्वीकारले आहे. तेच कारण दहावीच्या मुलांना अधिक लागू पडते. म्हणून नव्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी माध्यमिक शाळांसाठीही स्वतंत्र आदेश निघावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे