लेझरने केस ‘कायमचे’ जातात का? जाहिरातीतल्या एका शब्दामागचं विज्ञान

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर लेझरच्या जाहिरातींचा सुळसुळाट होतो. सहा सिटिंगमध्ये वॅक्सिंगला रामराम, आजच बुक केलं तर पूर्ण शरीराचं पॅकेज निम्म्या किमतीत, अशी आश्वासनं रील्समधून दिली जातात. अनेक जणी हजारो रुपये आगाऊ भरतात. वर्ष-दोन वर्षांनी काहींच्या हनुवटीवर केस पुन्हा डोकावू लागतात आणि आपली फसवणूक झाली असं वाटू लागतं.

या गोंधळाच्या मुळाशी ‘कायमचे’ हा शब्द आहे. अमेरिकेतलं अन्न आणि औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, लेझर यंत्रांच्या उत्पादकांना ‘केस कायमचे काढून टाकतो’ असं म्हणू देत नाही. काही यंत्रांना ‘केसांमध्ये कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा करण्याची मुभा आहे. ठरलेल्या सिटिंग पूर्ण झाल्यावर परत येणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणं, असा या घटीचा अर्थ. म्हणजे केस कमी होतील, शून्य होतील असं नाही. हा फरक का पडतो?

लेझर नेमकं काय करतं?

केसांना काळा रंग देणारं मेलॅनिन लेझरचा प्रकाश शोषून घेतं. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळापर्यंत पोहोचते. त्वचेला धक्का न लावता ठरावीक रंगाच्या भागालाच तापवता येतं, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी 1983 साली मांडलं. आजचं केस काढण्याचं लेझर त्याच तत्त्वावर चालतं.

पण केस पुन्हा उगवण्यासाठी लागणाऱ्या मूळपेशी केसाच्या मुळाच्या आजूबाजूला असतात आणि त्यांच्यात फारसं मेलॅनिन नसतं. केसात तयार झालेली उष्णता तिथवर पसरली, तरच त्या नष्ट होतात. उष्णता कमी पडली तर मूळ फक्त जखमी होतं आणि काही महिन्यांनी त्यातून बारीक, फिकट केस येतो.

पांढऱ्या, सोनेरी किंवा लालसर केसांवर आणि अगदी बारीक लवेवर लेझर फारसं चालत नाही, याचं कारणही हेच. तिथे प्रकाश शोषायला पुरेसं मेलॅनिनच नसतं.

इतक्या सिटिंग कशाला?

शरीरावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढत असतात, काही थांबलेले असतात, काही गळण्याच्या बेतात असतात. लेझरचा उपयोग मुख्यतः वाढीच्या टप्प्यातल्या केसांवर होतो. बाकीचे केस त्या टप्प्यात येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांचं आणि हातापायांसाठी त्याहून थोडं जास्त अंतर ठेवलं जातं.

सिटिंगआधी वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करू नका असं सांगतात, त्याचं कारणही यातच आहे. केस मुळासकट उपटला तर प्रकाश शोषणारं काही उरतच नाही. रेझर मात्र चालतो, कारण त्याने मूळ जागेवर राहतं.

भारतीय त्वचेला धोका जास्त का?

मेलॅनिन त्वचेतही असतं. त्वचा जितकी सावळी, तितका जास्त प्रकाश ती स्वतःच शोषते. अशा वेळी भाजणं, फोड येणं, नंतर काळे किंवा पांढरे डाग पडणं असे प्रकार होऊ शकतात. गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेली मात्रा सावळ्या त्वचेवर वापरणं म्हणूनच धोक्याचं ठरतं.

यंत्राची निवड इथे महत्त्वाची ठरते. 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट लेझर मेलॅनिनमध्ये जास्त शोषलं जातं, त्यामुळे ते उजळ त्वचेला सोयीचं. 800 ते 810 नॅनोमीटरचं डायोड लेझर मधल्या वर्णासाठी बरंच वापरलं जातं. 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग खोलवर जातं आणि वरच्या त्वचेत कमी शोषलं जातं, म्हणून गडद त्वचेसाठी ते सर्वात सुरक्षित मानलं जातं. अनेक पार्लरमध्ये आणि घरगुती उपकरणांमध्ये असतं ते ‘आयपीएल’. ते लेझर नाही, अनेक तरंगलांबींचा झगझगीत प्रकाश आहे. गडद त्वचेवर त्याने भाजण्याची शक्यता वाढते.

केस वाढूही शकतात?

हो. काही जणींमध्ये लेझरनंतर त्याच भागात किंवा आजूबाजूला केस उलट दाट होतात. हे प्रमाण कमी आहे, पण चेहरा आणि मानेवर, सावळ्या त्वचेच्या स्त्रियांमध्ये ते जास्त दिसतं. मुळांना अपुरी उष्णता मिळाल्याने ती उत्तेजित होत असावीत, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

पीसीओएस असलेल्या स्त्रियांसाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे. हनुवटी, ओठांवरचा भाग, पोट इथे येणाऱ्या राठ केसांमागे पुरुषी संप्रेरकांचं वाढलेलं प्रमाण असू शकतं. लेझर आज असलेले केस कमी करतं, पण संप्रेरकं लवेचं रूपांतर नव्या जाड केसांत करतच राहतात. पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर पॅकेज घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञांकडे तपासणी करून घेणं शहाणपणाचं. उपचार आणि लेझर एकत्र चालले तर पैसे वाया जाण्याची शक्यता कमी होते.

बधिर करणाऱ्या क्रीमचं काय?

लेझरने कॅन्सर होतो ही भीती अनेकांना असते. पण हा प्रकाश क्ष-किरणांसारखा पेशींमधला डीएनए तोडणारा नाही. खरा धोका दुसरीकडे असू शकतो. 2007 साली एफडीएने एक इशारा दिला होता. लेझरच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दोन तरुणींनी पायांना बधिर करणारं क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. औषध मोठ्या प्रमाणात रक्तात उतरलं आणि दोघींचाही मृत्यू झाला. असं क्रीम डॉक्टरांनी सांगितलं तरच, सांगितलं तितकंच लावावं.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

यंत्र कोणतं आहे, लेझर की आयपीएल? ते कोण चालवणार आणि त्वचारोगतज्ज्ञ तिथे हजर असतील का? आधी छोट्या भागावर चाचणी करणार का? डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का? केस परत आले तर पुढच्या सिटिंगचा खर्च किती? ही उत्तरं लेखी मागता येतात.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रार करायची वेळ आलीच, तर ‘कायमचे’ असं लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती हाताशी असलेली बरी.